रत्नागिरीत वीजबचत आणि सौरऊर्जेचं काम सुरू करायचं आहे: आधी काय, नंतर काय?

खाडीकाठ (धागाकर्ता)

रत्नागिरी शहर आणि लगतच्या नाचणे, शिरगाव, खेडशी या भागात वीजबचत आणि घरगुती सौरऊर्जा यांचा प्रसार करण्यासाठी आम्ही एक छोटा गट उभा करतो आहोत. शिक्षक, निवृत्त वायरमन, बचत गटातल्या ताई आणि कॉलेजची मुलं अशी मंडळी आहेत. पगारी कोणी नाही आणि काही विकायचंही नाही. पावसाळा संपल्यापासून शिमग्यापर्यंत घरोघरी जाता येईल.

मुख्य प्रश्न असा: आधी छतावरच्या पॅनेलचा प्रचार करावा, की आधी घरातला वापर कमी करायला शिकवावं? माझं मत बचत आधी. वापर न मोजता पॅनेल बसवलं की ते हमखास गरजेपेक्षा मोठं बसतं.

दुसरं म्हणजे देशभरासाठी छापलेली पत्रकं इथे अर्धीच लागू पडतात. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, कौलारू घरं, जांभ्याची जमीन या सगळ्यात नेमका काय सल्ला द्यावा, ते जाणकारांनी लिहावं.

पागोळी

बचतीच्या भाषणाला कोणी थांबत नाही. पॅनेल म्हटलं की दहा जण जमतात. आधी माणसं जमवा, मग बचत सांगा.

जुना_वायरमन

भाषण करूच नका. घरात शिरल्यावर पहिल्यांदा मीटरसमोर उभे राहा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला तितक्या लुकलुकी. ३२०० असेल तर दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॉटमध्ये येतं. दहा सेकंद लागले तर घर त्या क्षणी ११२ वॉट ओढतंय. १६०० असेल तर २२५० ला भागा.

आता घरच्यांना सगळं बंद करायला सांगा. दिवे, पंखे, फ्रीजसुद्धा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर शोध सुरू करायचा. बहुतेक वेळा सेट टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टरचं चार्जिंग किंवा टाकीच्या पंपाचा चालू राहिलेला स्टार्टर सापडतो. दहा वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. हे घरच्यांनी स्वतःच्या मीटरवर पाहिलं की वेगळं काही सांगावं लागत नाही.

मीटरचं सील, कव्हर, कटआउट यांना हात लावायचा नाही. बघायचं आणि मोजायचं, एवढंच.

सड्यावरचा

ही लुकलुकीची पद्धत शाळांमधून न्यावी. आठवी-नववीच्या मुलांना भागाकार येतोच. दर रविवारी सकाळी आठ वाजता रीडिंग घ्यायचं आणि वहीत लिहायचं. तुलना करताना दोन गोष्टी सांभाळा. बिलाचे दिवस दर महिन्याला सारखे नसतात, म्हणून युनिटला दिवसांनी भागून रोजचा आकडा काढा. आणि मागच्या महिन्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. मे आणि जुलै यांची तुलना कोकणात निरर्थक आहे.

मांडवीकर

पंख्यांबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे थंडीचे दोन महिने सोडले तर पंखा बंदच होत नाही. जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिटमागे ८ रुपये धरले तर सुमारे १३० रुपये. अडीच-तीन हजारांचा पंखा दोन वर्षांच्या आत फिटतो. पण हा हिशेब सगळ्यात जास्त चालणाऱ्या पंख्याचा आहे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलायला कोणालाही सांगू नका, तो कधीच फिटणार नाही.

बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवणं. बीएलडीसी पंख्याला थेट पुरवठा लागतो. रेग्युलेटर मध्ये राहिला तर सर्किट बोर्ड जातो आणि लोक म्हणतात, नवीन पंखे टिकत नाहीत. समुद्राजवळच्या घरात दमट खाऱ्या हवेनेही बोर्ड खराब होतो, म्हणून बोर्डावर संरक्षक लेप आहे का, ते दुकानात विचारून घ्या. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. लेबल नसलेला पंखा घेऊ नये.

पागोळी

मांडवीकर, मान्य. पण माझा मुद्दा उरतोच. अनुदानाची बातमी लोकांपर्यंत पोचली आहे. ते पॅनेलबद्दलच विचारणार, तेव्हा स्वयंसेवकांकडे उत्तर हवं.

कुवारबाव

मग अनुदानाचं स्पष्ट लिहितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ३ किलोवॉटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी तेवढेच. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचंच असावं लागतं. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर आणि बसवणारा नोंदणीकृत हवा. रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात येते.

गोची इथेच होते. ७८,००० चा आकडा डोळ्यांसमोर असतो, म्हणून सगळे ३ किलोवॉटच मागतात. कोकणात एक किलोवॉट वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतो. एप्रिलमध्ये दिवसाला साडेचार-पाच, जुलैत जेमतेम दोन-अडीच. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराला एक किलोवॉट जवळजवळ पुरतो. तीन बसवले तर दोन तृतीयांश वीज ग्रिडमध्ये जाते. ती पुढच्या महिन्यांत वळती होते, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी जी उरते तिला आपण भरतो त्या दराने पैसे मिळत नाहीत. शिवाय आपल्याकडे जास्त वीज बनते ती नोव्हेंबर ते मे, आणि हिशेब मार्चअखेर बंद होतो. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामी येते, पण हिवाळ्यात साठलेली मार्चला संपते. म्हणून संचाचं माप वर्षाच्या एकूण वापरावरून काढा, सगळ्यात मोठ्या बिलावरून नको.

खाडीकाठ

कुवारबाव, हेच हवं होतं. वर्षाचा वापर काढायला बिलामागचा मागच्या महिन्यांचा तक्ता पुरतो ना?

कुवारबाव

पुरतो. बारा महिने जुळवा आणि बेरजेला १,३०० ने भागा. आलेला आकडा किलोवॉटचा. पण आधी पंखे बदलायचे असतील तर तेवढे युनिट वजा करून मगच भागा. तुमचा 'बचत आधी' हा मुद्दा इथे पैशात दिसतो.

देवगडी

उलट बाजूही बघा. घरात उद्या इंडक्शन आणि विजेवरची स्कूटर येणार असेल तर मोठा संच चुकीचा नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला साधारण १२० युनिट लागतात. स्कूटरला १०० किलोमीटरला तीन युनिट. स्वयंसेवकांनी पुढच्या दोन वर्षांचा बेत विचारून घ्यावा.

पागोळी

देवगडी +१

बंदरावरचो

ह्यां सगळां बरां, पण माकडांचा काय करूचा? मालवणात पॅनेलपेक्षा वायरच आधी जातत.

जुना_वायरमन

बंदरावरचो, प्रश्न अगदी रास्त आहे. पॅनेलखाली लोंबणारी वायर माकड ओढतं आणि खार कुरतडते. पॅनेलखालच्या वायरी फ्रेमला स्टेनलेसच्या क्लिपांनी आवळायच्या. प्लॅस्टिकच्या साध्या पट्ट्या उन्हाने दोन वर्षांत तुटतात. फ्रेमपासून खाली येणारी सगळी वायर गॅल्व्हनाइज्ड पाइपमधून आणायची आणि पाइपच्या तोंडाला केबल ग्लँड (वायर घट्ट धरणारं बूच) बसवायची. पॅनेलच्या कडेला चहूबाजूंनी जाळी लावली तर खार आणि कबुतर दोन्ही थांबतात, पण खालून हवा खेळायला फट ठेवा. पॅनेल तापलं की वीज कमी देतं.

आणि नारळाखाली पॅनेल लावू नका. सावली तर पडतेच, शिवाय नारळ आणि झावळी दोन्ही वरून येतात.

जांभादगड

सांगाडा आणि वारा यांवर सविस्तर लिहितो, कारण कोकणात संच बिघडतो तो बहुतेक इथून.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला ४४ मीटर धरा. दाब येतो चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा भार. आजचं ५५० वॉटचं पॅनेल अडीच चौरस मीटरहून थोडं मोठं आहे. एका पॅनेलला वर उचलणारा जोर ३०० किलोच्या घरात जातो. आता गच्चीवर नुसते ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे आठवा. एक फुटी घन ठोकळा ६५ किलोचा. दोन पॅनेलना चार ठोकळे म्हणजे २६० किलो, आणि उचल ६००. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीवरून गेलं. त्यानंतर तरी नुसत्या वजनावर भरवसा ठेवायला नको.

ठोकळा स्लॅबशी जोडलेलाच हवा. पण गच्चीत नुसता भोक पाडून बोल्ट ठोकला तर पहिल्या पावसात गळती. स्लॅबवरचा गिलावा खरवडून, केमिकल अँकर (सळई पकडून ठेवणारा रासायनिक मसाला) भरून, सळई उभी करून त्यावर काँक्रीटचा पाया ओता आणि पायाच्या बुडाला गोलाई देऊन जलरोधक लेप चढवा. हे काम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात करा.

गंजाचं बघा. बाजारात 'जीआय' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक, आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वाकवलेले चॅनेल. १२० जीएसएमचा (चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त) असेल तर एका बाजूला जस्त जेमतेम ८ मायक्रॉन. दुसरा, सगळं कापून, भोकं पाडून, जोडून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेला सांगाडा, ८० मायक्रॉन. मिऱ्या, मांडवी, राजिवडा अशा समुद्रालगतच्या वस्तीत दुसराच घ्या. दिसायला दोन्ही चकचकीत, म्हणून कोटेशनमध्ये मायक्रॉनचा आकडा लिहून मागा आणि माल उतरला की जाडी मोजायच्या मीटरने तपासून घ्या. छतावर वेल्डिंग झालं की तिथलं जस्त जळतं. नाइलाजाने एखादा जोड द्यावाच लागला तर जस्तयुक्त रंगाचे दोन हात हवेत. नट-बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग धरतात. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि लोखंड जिथे भेटतात तिथे रबरी वायसर घाला, नाहीतर ओलसर मिठात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

पॅनेलच्या कागदपत्रांत आयईसी ६१७०१ हे खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीचं प्रमाणपत्र आहे का, तेही बघा.

नारळीपोफळी

कौलारू घराचं काय? आमच्याकडे गच्ची असलेलं घर अजूनही कमीच.

जांभादगड

कौलांवर भार टाकायचा नाही, तो वाशांवर पडला पाहिजे. कौल उचलून वाशाला आकडा बसवतात आणि तो दोन कौलांच्या फटीतून वर काढतात. त्यासाठी वासे सागाचे, खैराचे आणि धड हवेत. वाळवी लागलेले किंवा जुने पोफळीचे असतील तर नको. रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिणेकडे १५ ते १७ अंशांचा उतार आदर्श. कौलारू छताचा उतार त्याहून बराच जास्त असतो. छप्पर पूर्व-पश्चिम उतरत असेल तरी चालतं, उत्पन्न थोडं घटतं. उत्तरेकडच्या पाख्यावर मात्र लावू नका.

बऱ्याचदा सोपा मार्ग म्हणजे न्हाणीघराचा स्लॅब, गोठ्याचं छप्पर किंवा खळ्यात चार खांबांवर मांडव. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. दुपारी बारालाच बघून जाऊ नका. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा दुपारी साडेतीनला माडाची सावली कुठवर येते, तेही बघा.

सड्यावरचा

एक गोष्ट प्रत्येक घरात ठासून सांगावी. साधा ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट महावितरणच्या लाइनीला जोडलेला) संच लाइट गेली की बंद पडतो, मग ऊन कितीही असो. बिघाड काढायला खांबावर चढलेल्या वायरमनला मागून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये (पॅनेलची डीसी वीज घरात लागणाऱ्या एसीत बदलणाऱ्या यंत्रात) ती सोय मुद्दाम केलेली असते. जून ते सप्टेंबर वीज जाणं हे आपल्याकडे नेहमीचंच, तेव्हा 'सोलार लावलं आणि तरी अंधार' अशी निराशा होते.

अंधार नको असेल तर हायब्रिड (बॅटरी जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी, तीही मोजून. तीन बीएलडीसी पंखे, नऊ वॉटचे सहा दिवे आणि राउटर मिळून १५५ वॉटच्या आसपास. दहा तासांना दीड युनिट. १५० अँपिअर-अवरची लेड अ‍ॅसिड बॅटरी १.८ युनिटची, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे दोन बॅटऱ्या, किंवा दोन युनिटची एक लिथियम आयर्न फॉस्फेट. पंखे जुने ठेवले तर हाच भार २९० वॉटवर जातो आणि बॅटरी निम्म्या वेळेत संपते.

चाकरमानी_दादर

गावचं घर दहा महिने बंद असतं. गणपतीला आणि मेमध्ये उघडतो. बसवावं का?

कुवारबाव

नाही. वीज वापरणारं कोणी नाही, शिल्लक युनिटला मोल कमी, आणि पॅनेलवरचा शेवाळ-कचरा काढायला घरात माणूस नाही. बंद घरासाठी सगळ्यात चांगली बचत म्हणजे फ्रीज रिकामा करून, दार थोडं उघडं ठेवून बंद करणं आणि मेन स्विच पाडून जाणं.

घर पुढे नांदतं होणार असेल तर आधी वीजजोडणी स्वतःच्या नावावर करून घ्या. कोकणात बिल अजून आजोबांच्या नावावर आणि सातबाऱ्यावर चौदा सहहिस्सेदार. अनुदानाचा अर्ज वीजग्राहकाच्याच नावाने होतो, त्यामुळे तो पहिल्याच पायरीला अडतो. खाडीकाठ, तुमच्या गटाने गणपतीत एवढी एकच जागृती केली तरी मोठं काम होईल, कारण सह्या करणारे सगळे भाऊबंद तेव्हाच एकत्र भेटतात.

नारळीपोफळी

हे अगदी खरं. चतुर्थीच्या पाच दिवसांत जे होतं ते वर्षभर पत्रव्यवहाराने होत नाही.

मोरीवाला

विहिरीच्या पंपावर कोणीच बोललं नाही! एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला एक युनिट खातो, आणि माड-पोफळीच्या आगरात तो घरातल्या सगळ्या पंख्यांपेक्षा जास्त चालतो. तीन गोष्टी तपासा. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळत असेल तर दर वेळी पाणी भरावं लागतं आणि पंप कोरडा फिरतो. पाइप एक इंचाऐवजी सव्वा इंच केला तर घर्षण जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. काठावर बसवलेला पंप पाण्यापासून सहा-सात मीटरपेक्षा वर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेल्यावर तो नुसता घरघरतो. तो खालच्या टप्प्यावर उतरवा किंवा पाण्यात बुडणारा घ्या. आणि दोनदा रिवाइंड केलेली मोटर तिसऱ्यांदा रिवाइंड करू नका.

देवगडी

कलमबागवाल्यांना 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेची माहिती द्या. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा पाच. अडीच एकरांपर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. दिवसा पाणी मिळतं, रात्री बिबट्याच्या धास्तीने आगरात जावं लागत नाही.

पागोळी

थोडं अवांतर. कोयनेची वीज पोफळीला बनते, जयगडला १,२०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे. एवढी वीज ज्या जिल्ह्यात तयार होते तिथे पाड्यावर संध्याकाळी दिवा मिणमिणतो, हे मनाला लागतं. छतावरच्या विजेचं मला आकर्षण आहे ते त्यामुळेच.

सड्यावरचा

पागोळी, भावना समजते. पण लांब लाइनीच्या टोकाला छतावरचा संचही अडचणीत येतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि दुपारी वापर नसताना संच वीज ढकलतो तेव्हा चढतं. मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो आणि ऐन उन्हात उत्पादन थांबतं. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल जाड घ्या, त्यात व्होल्टेजचा फरक एक टक्क्यापेक्षा जास्त नको. तरीही बंद पडत असेल तर दुपारचे आकडे आठवडाभर नोंदवून, त्या कागदासह ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची जोडणी) बदलण्यासाठी अर्ज द्या. आणि पंप दुपारी बाराला चालवा, रात्री नको.

घंटागाडी

फ्लॅटवाल्यांनाही धरा. साळवी स्टॉप, मारुती मंदिर परिसरात आता अपार्टमेंटच जास्त. सोसायटीच्या सामाईक मीटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे असतात. त्यासाठी सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८,००० रुपये आहेत. आधी टाकीला फ्लोट स्विच आणि जिन्याला सेन्सरचे दिवे लावून घ्या, मग संच.

ओल्या कचऱ्याचा विषय वेगळा धागा मागतो, पण ज्यांच्याकडे चार-पाच गुरं आहेत त्यांना गोबरगॅस सांगा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानचं यातलं काम गटाने जाऊन बघावं.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घरभेटीचा क्रम आता असा धरतो: मीटर, मग बिलाचे बारा महिने, मग पंखे-पंप, आणि छत सगळ्यात शेवटी. पागोळींचं म्हणणं ध्यानात ठेवून निमंत्रणात मात्र पॅनेलचा उल्लेख पहिला. दोन शंका उरल्या. बसवणाऱ्यांची नावं लोक विचारणारच, ती द्यावीत का? आणि पाच हजारांत गटासाठी कोणती उपकरणं घ्यावीत?

कुवारबाव

नाव एकाचंही देऊ नका, कमिशन तर नाहीच. पोर्टलवरची नोंदणीकृत यादी दाखवा, तीन कोटेशन मागवायला लावा आणि ती एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडून द्या: जस्त किती मायक्रॉन, बोल्ट कोणत्या ग्रेडचे, सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे) पॅनेलच्या आणि घराच्या दोन्ही बाजूंना आहेत का, पाच वर्षांची देखभाल कोण करणार. शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं) लागल्यावरच द्यायचा, हे करारात लिहून घ्यायला सांगा.

जुना_वायरमन

भिंतीच्या प्लगात बसणारा १६ अँपिअरचा वॉटमीटर दोन नग, एक चांगला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) आणि मोजपट्टी, एवढं पाच हजारांत बसतं. फ्रीजसाठी वॉटमीटर पूर्ण चोवीस तास लावून ठेवायचा, पाच मिनिटांच्या आकड्यावरून काही कळत नाही. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून ओढा. सहज निघाली तर रबर गेलं.

अर्थिंग टेस्टर महाग आहे, तो घेऊ नका. शासकीय तंत्रनिकेतनाकडे किंवा आयटीआयकडे विचारा, शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलांना घेऊन मोजता येईल. जांभ्यात खड्डा खणणं कठीण म्हणून बसवणारे एकाच अर्थिंगवर सगळं जोडून मोकळे होतात. तडितरोधक (आकाशातल्या विजेपासूनचा), डीसी (पॅनेलची बाजू) आणि एसी (घराची बाजू) यांचे तीन वेगळे खड्डे हवेत आणि प्रत्येकाचा रोध पाच ओहमच्या आत. मोजणी जुलैत केली तर ओल्या जमिनीत सगळंच उत्तम दिसतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळिवाच्या आधी मोजा.